धागा: कायम चालणारी सर्व्हिस न ठेवता लिनक्सचं घड्याळ कसं जुळवावं? (पावसाच्या नोंदींची वेळ चुकते आहे)

पागोळी | ६ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न लिनक्सचा आहे, पण सुरुवात पावसापासून करावी लागेल.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी मी गेल्या वर्षी एक रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता "पाय") बसवला. त्याला पर्जन्यमापक जोडलाय. ०.२ मिमी पाऊस साठला की आतली छोटी वाटी कलंडते, एक टिचकी होते आणि पाय त्या टिचकीची वेळ फाइलमध्ये लिहितो. इंटरनेटसाठी सिमकार्डाचा डोंगल आहे. तो दिवसभर चालू ठेवला की तापतो आणि अडकतो, म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला दहा-दहा मिनिटंच चालू करते.

माझे सासरे गेली कित्येक वर्षं साध्या मापकाने पाऊस मोजतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात, त्यामुळे ते बरोबर साडेआठला अंगणात जाऊन आकडा वहीत लिहितात. काल फोनवर मी म्हटलं, "पहाटे साडेपाच ते सहाच्या सुमाराला केवढा कोसळला ना!" ते म्हणाले, "अगं, पहाटे कुठला? साडेआठला मी बाहेर उभा होतो, उघडीप होती. कोसळला तो सव्वानऊनंतर."

वही बरोबर होती, कॉम्प्युटर चुकला होता. रात्री १:१० ला लाइट गेली ती ४:०५ ला आली. रास्पबेरी पाय ४ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. त्यातलं फेक-एचडब्ल्यूक्लॉक तासाला एकदा वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि बूट होताना तीच वेळ पुन्हा लावतं. शेवटची नोंद १२:१७ ची होती. म्हणजे पहाटे ४:०५ ला उठलेल्या मशीनला वाटलं की १२:१७ वाजलेत. घड्याळ ३ तास ४८ मिनिटं मागे. ९:१५ चा पाऊस ५:२७ ला पडल्याची नोंद झाली आणि साडेआठच्या अलीकडे, म्हणजे आदल्या दिवसात गेला.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. डोंगल चालू करणारं क्रॉनही त्याच चुकलेल्या घड्याळावर चालत होतं, त्यामुळे "सातचा" डोंगल खरं तर १०:४८ ला लागला. तेव्हा सिस्टिमडी-टाइमसिंकडीने (नेटवरून वेळ जुळवणारी, कायम चालणारी सर्व्हिस) वेळ दुरुस्त केली, पण माझ्या फाइलमध्ये त्याची काही खूण नाही. टिचक्या एकाएकी पावणेचार तास पुढे गेलेल्या दिसतात, एवढंच. साडेआठला रोजची बेरीज करणारी स्क्रिप्टही त्या दिवशी चाललीच नाही.

मला हवंय ते असं: डोंगल लागला की एकदाच वेळ विचारायची, फरक किती होता ते लिहून ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि संपलं. मागे कायम चालणारी सर्व्हिस नको. कसं करावं?

निशाचर | ६ जुलै, रात्री १०:०५

इतकं नीट मांडल्याबद्दल आधी आभार. बेरीज का झाली नाही ते सांगतो. डेबियनच्या (पायवरचं लिनक्स त्यावरच बेतलेलं आहे) क्रॉनचा नियम असा आहे की घड्याळ ३ तासांपेक्षा कमी पुढे सरकलं, तर मध्ये राहून गेलेली कामं लगेच उरकली जातात. त्याहून जास्त सरकलं तर "घड्याळ दुरुस्त केलं" असं धरून नव्या वेळेपासून पुढे चालू. तुमची उडी ३:४८ ची होती, म्हणून ८:३० चं काम गळलं.

आता एकदाच वेळ लावण्याबद्दल. (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टाइप करताना रोमनमध्ये.) नेटवरून वेळ विचारण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. त्यासाठी पूर्वी सगळे एनटीपीडेट वापरायचे. मूळ एनटीपी प्रकल्पाने ते कधीच मोडीत काढलंय; डेबियन १२ मध्ये त्या नावाने मिळतं ते एनटीपीसेक या वेगळ्या प्रकल्पाचं. माझ्या मते आज सर्वांत सरळ मार्ग क्रोनी. तिचा क्रोनीडी हा प्रोग्रॅम एरवी सर्व्हिस म्हणून चालतो, पण एकदाच चालवून बंदही होतो:

क्रोनीडी -क्यू (लहान क्यू), पुढे अवतरणात: पूल इन.पूल.एनटीपी.ओआरजी आयबर्स्ट

लहान क्यू दिला की वेळ लावून बाहेर पडतो. मोठा क्यू दिला की घड्याळाला हात न लावता फक्त फरक सांगतो. "सिस्टिम क्लॉक राँग बाय" अशी ओळ येते आणि शेवटी कंसात स्टेप किंवा इग्नोअर्ड. तुम्हाला फरक लिहून ठेवायचाय ना, तो इथेच आयता मिळतो. सोबत -टी २० द्या, म्हणजे नेट आलंच नाही तरी वीस सेकंदांत सुटतो आणि स्क्रिप्ट अडकत नाही.

आयबर्स्ट सोडू नका. त्यामुळे पहिल्या काही विचारणा दोन-दोन सेकंदांच्या अंतराने होतात आणि उत्तर लवकर लागतं. सर्व्हरही एकच न देता पूल, म्हणजे सर्व्हरांचा गट, द्या. एकाच सर्व्हरला विचारलं आणि तोच चुकीचा निघाला, तर ते कळायला मार्ग नाही. चार जणांना विचारलं की चुकलेला एकटा पडतो.

एक सांभाळा. डेबियनवर क्रोनी बसवली की टाइमसिंकडीचं पॅकेज आपोआप निघतं, पण क्रोनीची सर्व्हिस आपोआप सुरू होते. ती सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ क्रोनी असं करून बंद करा, नाहीतर "दुसरा क्रोनीडी आधीच चालू असावा" म्हणून तुमची कमांड परत येईल.

सह्यकडा | ६ जुलै, रात्री ११:३०

निशाचर यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण सर्व्हिस नकोच हा आग्रह मला पटत नाही. क्रोनी मुळात अधूनमधून नेट मिळणाऱ्या मशीनसाठीच लिहिली गेली, डायल-अपच्या काळात. क्रोनीसी ऑफलाइन आणि क्रोनीसी ऑनलाइन या कमांड त्यासाठीच आहेत. मेमरी काही एमबी, प्रोसेसरवर भार जवळपास शून्य. आणि सर्व्हिस जे करते ते एकदाच चालणारी कमांड करू शकत नाही: तुमचा स्फटिक (घड्याळाला ठेका देणारा भाग) रोज किती पुढे-मागे जातो हे ती शिकते, फाइलमध्ये लिहिते आणि नेट नसतानाही घड्याळाचा वेग तेवढा सुधारत राहते. एकदाच लावलेलं घड्याळ लावल्या क्षणापासून पुन्हा सरकायला लागतं.

दुसरं. सर्व्हिस चालू असली आणि घड्याळ जुळल्याचं कर्नलला (लिनक्सचा गाभा) कळलं, की कर्नल दर ११ मिनिटांनी हार्डवेअरच्या घड्याळातही वेळ लिहितो. कमांड एकदा चालवून सोडून दिलीत तर ते होणार नाही. मग एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी स्वतः द्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात आणि पुढच्या बूटला जुनीच वेळ येते.

तुमची खरी अडचण मात्र या दोन्हींनी सुटत नाही. बूट ते डोंगल या मधल्या वेळेत मशीनला वेळ माहीतच नाही. तिथे सर्व्हिस असली काय, नसली काय, सारखंच.

म्हणून टिचकीच्या प्रत्येक ओळीत घड्याळाच्या वेळेसोबत अपटाइमही लिहा, बूट झाल्यापासूनचे सेकंद. /प्रॉक/अपटाइम मधून मिळतात. कोणी घड्याळ पुढे ओढलं, मागे ओढलं तरी तो आकडा उडी मारत नाही. संध्याकाळी एकदा खरी वेळ कळली की "अपटाइम इतका असताना खरी वेळ इतकी" हे समीकरण हाती येतं आणि त्या बूटपासूनच्या सगळ्या टिचक्या मागे जाऊन बरोबर लावता येतात.

पागोळी | ७ जुलै, सकाळी ७:४५

सह्यकडा, अपटाइमचं मला सुचलंच नसतं. आजच बदल करते.

सर्व्हिसबद्दल माझी बाजू सांगते. घरच्या लॅपटॉपवर मी ती काढणार नाही, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. इथे मला मिनिटाची अचूकता पुरते, पण घड्याळ कोणत्या क्षणी आणि कितीने हललं हे माझ्या पावसाच्या फाइलमध्येच, टिचक्यांच्या मधोमध लिहिलेलं हवं. उद्या कोणी या नोंदी वापरल्या तर त्याला जर्नल (सिस्टिमची स्वतःची नोंदवही) उघडायला लावायचं का? घड्याळ हलवणारा एकच हात असावा आणि त्याने हलवण्याआधी सही करावी, असं मला वाटतं.

खटका | ७ जुलै, दुपारी १:१०

मी हार्डवेअरच्या बाजूने बोलतो. तुम्हाला सेलवर चालणारं घड्याळ लागणारच. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप घ्या. घड्याळाचा साधा स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असतो आणि तापमान बदललं की त्याचा वेग बदलतो. कोकणात पत्र्याखालच्या पेटीत मे महिन्यात काय होत असेल, विचार करा. डीएस३२३१ चिपमध्येच स्फटिक आणि तापमापक आहे, ती दर ६४ सेकंदांनी तापमान बघून स्वतःला सावरते.

आकडेमोड अशी. दिवसाचे सेकंद ८६,४००. दहा लाखांत २० ची चूक असलेला साधा स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० च्या वर सेकंद सरकतो. डीएस३२३१ ची हमी ० ते ४० अंशांत दहा लाखांत २ ची आहे, म्हणजे महिन्याला ५ सेकंद, वर्षाला साधारण एक मिनिट. वर्षभर नेट आलं नाही तरी तुमचं मिनिटाचं गणित जवळपास सांभाळलं जाईल.

जोडणी: चार तारा, ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल (शेवटच्या दोन माहितीच्या). ५ व्होल्टच्या पिनला लावू नका. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि आपण घालतो तो सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नव्हे. ५ व्होल्टवर तो फुगण्याचा धोका आहे. मग कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ, फेक-एचडब्ल्यूक्लॉक पॅकेज काढून टाका, रीबूट. डेबियन १२ च्या पिढीत एचडब्ल्यूक्लॉक कमांड सापडली नाही तर यूटिल-लिनक्स-एक्स्ट्रा पॅकेज बसवा, ती तिकडे गेलीय.

चाचणी डोंगल काढून करा. नेट चालू असताना वेळ बरोबर दिसली, तर ती कुठून आली हे कळणार नाही.

मोगरा | ७ जुलै, दुपारी ३:३०

थोडं अवांतर, पण घड्याळाचंच आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. विंडोजमधून उबुंटूत आले की घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. नेट लागलं की ठीक होतं. हे सेल संपल्याचं लक्षण आहे का?

खटका | ७ जुलै, दुपारी ३:५०

नाही. सेल संपला असता तर फरक दर वेळी वेगळा आला असता. नेमका साडेपाच तास म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचाच फरक. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर ५:३० मिळवतं. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ दिलं की लिनक्स विंडोजच्या पद्धतीने वागेल. मला विंडोजला यूटीसी शिकवणं जास्त बरं वाटतं, त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद १ करावी लागते.

मोगरा | ७ जुलै, दुपारी ४:१५

रजिस्ट्रीची नोंद केली. दोन्हीकडे बरोबर दिसतंय. खूप आभार!

लेखणी | ७ जुलै, संध्याकाळी ६:२०

आमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर बाहेर जाणारा यूडीपी १२३ (एनटीपीचं पोर्ट) बंद आहे, म्हणजे एनटीपी नाहीच. माझ्या टेबलावरच्या चाचणीच्या मशीनचं घड्याळ आठ-दहा मिनिटं मागे पडलं की एपीटी (पॅकेज बसवणारी कमांड) "रिलीज फाइल अजून वैध नाही" म्हणून अडतं. काही उपाय?

निशाचर | ७ जुलै, संध्याकाळी ७:००

आधी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा, आतला एनटीपी सर्व्हर बहुधा असेलच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळं एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम त्याच प्रयोगशाळेकडे आहे. आतला सर्व्हर मिळाला की त्याचं नाव क्रोनीडी -क्यू ला द्या.

तेही नसेल तर वेबचा आधार. कुठलाही वेब सर्व्हर उत्तराच्या मथळ्यात डेट ही ओळ देतो, जीएमटीमध्ये. कर्ल -एसआय ने (एस लहान, आय मोठा) मथळे आणायचे, ती ओळ काढायची आणि डेट -एस ला द्यायची. एचटीपीडेट नावाचा छोटा प्रोग्रॅम हेच जास्त नीट करतो. अचूकता सेकंदाची, तुमच्या कामाला भरपूर. पण वेळ फार चुकलेली असेल तर एचटीटीपीएस वापरू नका. प्रमाणपत्राची मुदत तपासायला बरोबर वेळ लागते, आणि आपण तर वेळ विचारायलाच निघालोय.

सह्यकडा | ७ जुलै, रात्री ९:१५

पागोळी, क्रॉनमध्ये काम लावताना दोन गोष्टी बघा.

बरोबर सातच्या ठोक्याला वेळ विचारू नका. ७ वाजून काही मिनिटं, आणि त्यातही स्लीप घालून थोडं मागे-पुढे. पूलमधले सर्व्हर लोक स्वखुशीने चालवतात. जगभरातल्या स्क्रिप्ट तासाच्या ठोक्याला एकदम धडकल्या की त्यांना सोसावं लागतं. २००३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरवर असंच संकट आलं होतं. नेटगिअरच्या काही घरगुती राउटरमध्ये त्या एकाच सर्व्हरचा पत्ता कायमचा घातलेला होता आणि उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. एकेका राउटरची मागणी ती केवढीशी, पण सगळे मिळून विद्यापीठाकडे शेकडो मेगाबिटचा लोंढा आला. आपण एकदाच विचारणारे असलो तरी ही शिस्त पाळायला हवी.

दुसरं, बूटनंतरची पहिली तपासणी घड्याळाच्या वेळेवर टाकू नका. सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमरमध्ये ऑनबूटसेक=२मिन असं द्या. ते बूट झाल्यापासून मोजतं. घड्याळ कितीही चुकलेलं असो, लाइट आल्यावर दोन मिनिटांनी डोंगल लागेलच. ७ ची आणि १९ ची वेळ त्याशिवाय राहू द्या.

पागोळी | १३ जुलै, रात्री ८:५०

शनिवार-रविवारी गावाला जाऊन आले. सगळं बसवलं. काय काय झालं ते सविस्तर लिहिते, कोणाला पुढे उपयोग होईल.

डीएस३२३१ चिखलाच्या हातांनी नको म्हणून पडवीतल्या टेबलावर कंदील ठेवून जोडलं, कारण लाइट नव्हतीच. लाइट आल्यावर आधी डोंगल लावून क्रोनीडीने वेळ लावली, मग एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी. नंतर खटका यांनी सांगितल्याप्रमाणे डोंगल काढला, पायची वायर उपटली आणि चाळीस मिनिटं तशीच ठेवली. सासरे मनगटावरचं घड्याळ धरून बाजूला बसले होते. पुन्हा चालू केल्यावर स्क्रीनवरची वेळ आणि त्यांचं घड्याळ यांत मिनिटाचाही फरक नव्हता. ते म्हणाले, "आता याला पहाट कळली."

स्क्रिप्ट अशी चालते. एनएमसीएलआय (नेटच्या जोडण्या सांभाळणारी कमांड) ने डोंगलची जोडणी चालू, अर्धा मिनिट थांबायचं (जोडणी "चालू" दिसली तरी प्रत्यक्ष नेट यायला एवढा वेळ जातो). मग मोठ्या क्यू ने फरक विचारायचा. तो फरक, त्या क्षणीची घड्याळाची वेळ आणि अपटाइम पावसाच्या फाइलमध्ये वेगळ्या खुणेने लिहायचा. त्यानंतरच लहान क्यू ने वेळ लावायची, ती लागली तरच हार्डवेअर घड्याळात लिहायची आणि डोंगल बंद. फरक एका तासाहून जास्त आला तर वेळ लावायची नाही, फक्त लिहून ठेवायचा. सेल असताना एवढा फरक पडणं म्हणजे सेल संपलाय किंवा दुसरं काही बिघडलंय, आणि ते मला स्वतः बघायचंय.

एका ठिकाणी दोन तास गेले. टर्मिनलवर चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित, पण क्रॉनमधून चालवली की नुसता डोंगल चालू-बंद व्हायचा, वेळ विचारलीच जायची नाही. क्रॉन कामांना देतं त्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन असतात. क्रोनीडी आणि एचडब्ल्यूक्लॉक दोन्ही /यूएसआर/एसबिन मध्ये. दोन्हींचा पूर्ण पत्ता लिहिला आणि चालू झालं.

निशाचर | १३ जुलै, रात्री ९:३०

पाथचा हा फटका प्रत्येकाला एकदा बसतो. क्रॉनच्या फाइलीत सर्वांत वर पाथची ओळ लिहिली तरी चालतं. फरक फार मोठा असेल तर हात न लावण्याची अट मला फार आवडली, मी माझ्या स्क्रिप्टमध्ये घेतोय.

५ जुलैच्या नोंदींचं काय केलंत?

पागोळी | १३ जुलै, रात्री १०:१०

त्या वाचल्या! ५ तारखेपासून मी गावाला पोचेपर्यंत मशीन रीबूट झालं नव्हतं, त्यामुळे जर्नल तसंच होतं. जर्नलसीटीएल -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक दिलं की प्रत्येक ओळीपुढे बूटपासूनचे सेकंद दिसतात. त्यावरून टाइमसिंकडीने घड्याळ ओढलं तो क्षण सापडला. बूट ते तो क्षण या दरम्यानच्या सगळ्या टिचक्यांत ३ तास ४८ मिनिटं मिळवली आणि साडेआठची बेरीज हाताने पुन्हा केली.

पाऊस ९:१५ ला सुरू. सासऱ्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी वही काढून त्या दिवसाची ओळ वाचून दाखवली: "साडेआठ, उघडीप. सव्वानऊ, मोठी सर."

१:१० ते ४:०५ मधला पाऊस मात्र माझ्याकडे नाहीच, मशीनच बंद होतं. त्या तीन तासांपुढे "नोंद नाही" असं लिहिलंय. शून्य लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला पायसाठी बॅटरी न्यायची आहे. त्याचा वेगळा धागा काढते, खटका, तुमची मदत लागेल.

खटका | १३ जुलै, रात्री १०:२५

काढा. पाय किती वॅट खातो आणि लाइट सलग जास्तीत जास्त किती तास जाते, हे दोन आकडे आणा. दुसरा आकडा वहीत सापडेल.